वैशाखातील नाणेघाट

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेला शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. दोघांच्याही पाठीशी सह्याद्रीची भिंत उभी आहे. शहापुरातून नाशिककडे जाणारा रस्ता आणि रेल्वे कसाऱ्याच्या थळघाटाने वर चढतात. मुरबाडातून जुन्नर-अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता माळशेज घाटाने वर चढतो. आज गाडीत बसलेल्या माणसाला हे घाट केव्हा आले आणि केव्हा मागे पडले, हे कळतही नाही. मात्र या दोन्ही रस्त्यांच्या फार पूर्वी, सुमारे दोन हजार वर्षांमागे, सोपारा आणि कल्याण या बंदरांवर उतरलेला माल मुरबाडच्या माथ्यावरील एका अरुंद खिंडीतून पायवाटेने दख्खनच्या पठारावर जात असे. ती खिंड म्हणजे नाणेघाट.

पावसाळ्यात नाणेघाटावर माणसांची रीघ लागते. धुके, हिरवे कडे आणि वाऱ्याच्या झोताने उलटे वर उडणारे पाणी पाहण्यासाठी शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. चैत्र-वैशाखात मात्र तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. गवत वाळलेले, ओढे आटलेले आणि कातळ तापलेला, अशा दिवसांत घाट चढण्यात कोणते सुख, असा प्रश्न कोणालाही पडेल. परंतु ज्यांनी हा घाट घडवला, त्या व्यापाऱ्यांचे तांडे पावसाळ्यात चालत नसत. नद्या उतरल्या, वाटा सुकल्या, की मग माल लादलेले बैल निघत आणि पुढचा पाऊस येईपर्यंत ही ये-जा चाले. म्हणून नाणेघाट ज्यांच्यासाठी होता, त्यांच्या नजरेने तो पाहायचा असेल, तर कोरड्या ऋतूतच आणि शक्यतो पायीच गेले पाहिजे. एकट्याने गेल्यास तो अधिक नीट कळतो. मात्र एकट्याने जाणाऱ्याने काही गोष्टींची काळजी आधीच घ्यावी लागते.

पायथ्याची तयारी

कल्याणहून मुरबाड, टोकावडे आणि वैशाखरे अशी गावे घेत माळशेजकडे जाणारी एस.टी. नाणेघाटाच्या पायथ्याशी सोडते. हे अंतर साठेक किलोमीटरचे आहे. मुरबाड सोडले की समोर सह्याद्रीची रांग दिसू लागते आणि तिच्या शिरावर अंगठ्यासारखा वर उठलेला एक सुळका ओळखू येतो. त्याला नानाचा अंगठा म्हणतात. खिंड या अंगठ्याला लागूनच आहे, त्यामुळे वाट चुकली तरी दिशा चुकत नाही. पूर्वीच्या तांड्यांनाही दुरून हीच खूण दिसत असणार.

उन्हाळ्यात या डोंगराचा एक गुण ध्यानात ठेवण्यासारखा आहे. घाटाची चढण पश्चिमेकडे तोंड करून आहे. सूर्य पूर्वेला, म्हणजे भिंतीच्या मागे उगवतो. त्यामुळे सकाळचे काही तास चढणीवर डोंगराचीच सावली असते. सूर्य माथ्यावर आला, की हीच चढण दिवस मावळेपर्यंत उन्हात भाजत राहते. ज्याने पहाटे पायथा सोडला, त्याला अर्धी वाट सावलीत मिळते; ज्याने न्याहरी करून, गप्पा मारून दहा वाजता सुरुवात केली, त्याला संपूर्ण वाट उन्हात मिळते. चढ सुमारे अडीच-तीन तासांचा आहे. उजाडता उजाडता निघणारा माणूस ऊन तापण्यापूर्वी माथ्यावर पोहोचतो.

कोकणच्या या आतल्या पट्ट्यात वैशाखात पारा चाळिशी गाठतो. त्यात समुद्र फार दूर नसल्यामुळे हवेत दमटपणा असतो. दमट हवेत घाम अंगावरच राहतो, वाळत नाही. आणि घाम वाळल्याखेरीज शरीर थंड होत नाही. म्हणूनच विदर्भातील कोरड्या उन्हापेक्षा येथील कमी तापमानाचे ऊनही अधिक थकवते. एका माणसाला दिवसभरासाठी किमान चार लिटर पाणी सोबत हवे. त्यात मीठ-साखर घातलेली एक बाटली असावी. नुसतेच पाणी पीत राहिले, तर घामावाटे गेलेले मीठ भरून निघत नाही, पायात गोळे येतात आणि डोके जड होते. डोक्याला टोपी किंवा पंचा, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, जवळ शिट्टी आणि खाण्यास हलके पदार्थ, एवढे असले की पुरते. आंबट-गोड कैरीचे पन्हे अथवा कोकमाचे सरबत हे या हवामानाचे जुने औषध आहे.

एकट्या माणसाचा खरा धोका निराळा असतो. ऊन लागू लागले, की प्रथम बुद्धी मंदावते. दोघे असले, तर एकाचे बोलणे विस्कळीत झाल्याचे दुसऱ्याच्या लक्षात येते. एकट्याला ते कळत नाही. उलट आता थोडेच राहिले, असेच त्याचे मन सांगत राहते. यासाठी परतण्याचा निर्णय डोंगरावर न घेता घरीच घेऊन ठेवावा लागतो. अमुक वाजेपर्यंत खिंडीत पोहोचलो नाही, तर जिथे असू तिथून मागे फिरायचे. पाणी निम्मे संपले आणि अर्धी वाटही झाली नसेल, तरी मागे फिरायचे. व्यवहारात उधारीची मर्यादा गिऱ्हाईक समोर येण्यापूर्वीच ठरवून ठेवणाऱ्या माणसाला या नियमाचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही. त्याचप्रमाणे पायथ्याच्या गावात कोणाला तरी नाव, दूरध्वनी क्रमांक आणि परतण्याची वेळ सांगून जावे. या दऱ्यांमध्ये मोबाइलचा आवाका सर्वत्र मिळत नाही.

चढण

रस्ता सोडल्यावर वाट प्रथम सपाटीवरून रानात शिरते. सागाची पाने मार्चपासूनच गळून पडलेली असतात. त्यांवर पाऊल पडले की एवढा आवाज होतो, की एकट्या वाटसरूला मागून कोणी येत असल्याचा भास व्हावा. पळसाचा बहर सरलेला असतो. एखादा बहावा मात्र पिवळ्या झुंबरांनी लगडलेला दिसतो आणि कुड्याची पांढरी फुले रानाच्या कडेला उमलू लागलेली असतात. करवंदीच्या जाळ्या काळ्या फळांनी भरतात. आसपासच्या पाड्यांवरील ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी बायका-मुले पहाटेच करवंदे, जांभळे आणि रायवळ आंबे गोळा करून रस्त्यावर किंवा मुरबाडच्या बाजारात नेतात. पानांच्या द्रोणात मापून विकली जाणारी ही करवंदे म्हणजे या दोन महिन्यांतील रोख उत्पन्न असते. वाटेवर हाताला आलेले फळ तोंडात टाकताना, हे कोणाच्या तरी कमाईचे आहे, याची जाण ठेवणे बरे.

पुढे ओढ्याची कोरडी पात्रे लागतात. पावसाळ्यात जी ओलांडताना दोर धरावा लागतो, ती वैशाखात नुसत्या धोंड्यांची रांग उरते. इथे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मग हे पाणी जाते कुठे, हा प्रश्न वाटसरूच्या मनात येथेच उभा राहतो. उत्तर पायाखाली आहे. हा सर्व डोंगर काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. लाव्ह्याचे थरावर थर साचून तो घडला. खडक घट्ट, उतार तीव्र आणि मातीचा थर पातळ. त्यामुळे पडलेले पाणी मुरण्याआधीच धावत सुटते आणि काही तासांत नदीला मिळते. खडकाच्या भेगांत जे थोडे मुरते, त्यावर झरे आणि विहिरी माघ-फाल्गुनापर्यंत तग धरतात. पुढे होळीपासून मृगापर्यंतचे तीन महिने ओढीचे असतात.

अर्ध्या वाटेनंतर चढ उभा होतो. झाडी विरळ होते आणि जुन्या वाटेच्या खुणा दिसू लागतात. कुठे कातळात खोदलेल्या पायऱ्या, कुठे दगड रचून केलेली बांधीव वाट. पायऱ्या ओबडधोबड असल्या, तरी त्यांची उंची आणि रुंदी माणसाइतकीच लादलेल्या जनावराला सोयीची आहे. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना कडे जवळ येतात आणि वाट त्या चिंचोळ्या नळीतून वर जाते. अलीकडच्या काळात येथे आधारासाठी लोखंडी कठडे बसवले आहेत. तापल्यानंतर त्यांना हात लावणेही कठीण होते. पण सकाळच्या प्रहरी ते थंड असतात. पायथ्यापासून खिंडीपर्यंत सुमारे सहाशे मीटरची चढाई होते. तेवढ्या उंचीने हवा तीन-चार अंशांनी उतरते आणि खिंडीच्या तोंडाशी वाऱ्याची पहिली झुळूक अंगावर येते.

कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळांची पोळी लटकलेली असतात. त्यांच्याखालून जाताना ओरडणे, धूर करणे किंवा उग्र अत्तर लावून जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. वाळलेल्या गवतात काडी पेटवणे तर मुळीच नको. उन्हाळ्यातील वणवा एका ठिणगीने लागतो आणि त्यात घरटी, अंडी, सरपटणारे जीव आणि नुकते रुजलेले रोप, सारे राख होते. डोंगरावर जाणाऱ्याने सोबत ठिणगीचे साधनच नेऊ नये, हे सर्वांत सोपे.

लेणे आणि आकडे

खिंडीच्या माथ्याजवळ कातळात खोदलेले एक चौकोनी लेणे आहे. आत बाक आहेत, आणि डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील प्राकृत भाषेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिच्या नावाशी हा लेख जोडला जातो. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतील हा लेख महाराष्ट्राच्या इतिहासाच्या सर्वांत जुन्या लिखित साधनांपैकी एक आहे. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांच्या पायांच्या खुणा आणि वर कोरलेली काही नावे तेवढी उरली आहेत. वाटसरूंच्या वर्दळीत प्रतिमा गेल्या आणि अक्षरे राहिली.

१८२८ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेखाची नोंद केली. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि जॉर्ज ब्यूलर या विद्वानांनी त्याचे वाचन केले. लेखात राणीने व राजाने केलेल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दानांची जंत्री आहे. किती गायी, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण नाणी, हे सारे मोजून लिहिले आहे. व्यापारी घरातील वाचकाला येथे थांबून पाहण्याजोगी एक गोष्ट दिसते. या लेखात आकडे अक्षरांत न लिहिता अंकचिन्हांनी लिहिले आहेत, आणि भारतीय अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. एकं, दहं, शतं, सहस्र यांना वेगवेगळी चिन्हे आहेत. शून्य अजून लेखनात आलेले नाही. म्हणून चारशे लिहायचे, तर शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले आहे आणि चार हजार लिहायचे, तर हजाराच्या चिन्हाला चार जोडले आहे. वहीखात्यातील आजच्या अंकांचा वंश शोधत गेल्यास तो या भिंतीच्या जवळपास येऊन पोहोचतो.

खिंडीच्या वरच्या तोंडाशी कातळातून घडवलेला एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात आणि त्यावरून घाटाला नाणेघाट हे नाव पडले, असे परिसरातील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. घाटाच्या रक्षणासाठी वर जीवधन, चावंड, हडसर आणि जुन्नरजवळचा शिवनेरी अशी किल्ल्यांची साखळी उभी आहे. जुन्नर म्हणजे या वाटेवरील पहिली मोठी बाजारपेठ. तिथून पुढे पैठण आणि तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात पैठण, तेर, कल्याण आणि सोपारा या चारही ठिकाणांची नावे येतात. भूमध्य समुद्रापासून गोदावरीपर्यंत पसरलेल्या व्यापाराचा एक धागा या दहा-बारा फूट रुंदीच्या फटीतून ओवलेला होता.

पोढी

लेण्यापेक्षाही उन्हाळ्यातील वाटसरूचे पाऊल जिथे थबकते, ती जागा म्हणजे खिंडीच्या आसपास कातळात खोदलेली पाण्याची टाकी. प्राकृत शिलालेखांत त्यांना पोढी म्हटले आहे. तोंड लहान, आत पोकळी मोठी आणि वर कातळाचे छत, अशी त्यांची रचना असते. उन्हाची किरणे पाण्यावर पडत नाहीत, म्हणून बाष्पीभवन कमी होते आणि पाणी थंड राहते. पावसाळ्यात माथ्यावरून वाहणारे पाणी आणि खडकाच्या भेगांतून ठिबकणारा पाझर त्यांत साठतो. जो खडक पाणी मुरू देत नाही, त्याच खडकाचे हे भांडे केले आहे. डोंगराच्या दोषालाच कामाला लावण्याची ही युक्ती दोन हजार वर्षे टिकली. आज काही टाकी गाळाने भरली आहेत, काहींत पाणी आहे; परंतु ते उकळल्याखेरीज पिण्याजोगे मानू नये.

पाण्याची ही सोय किती निकडीची होती, ते साध्या हिशेबाने कळते. उन्हाळ्यात ओझे वाहणाऱ्या बैलाला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागते. शंभर बैलांचा तांडा म्हटला, तर तीन-चार हजार लिटर. त्यात माणसे वेगळी. एवढे पाणी सोबत नेणे अशक्य. घाटाच्या माथ्यावर पाणी नसेल, तर चढून आलेला बैल खाली बसेल आणि त्याच्या पाठीवरचा माल तिथेच राहील. सोपाऱ्याच्या धक्क्यावर कितीही मोलाचा माल उतरो, तो पैठणला पोहोचणार की नाही, हे या काळ्या टाक्यांतील पाण्याच्या पातळीवर ठरत होते.

ही टाकी कोणी खोदली? नाणेघाटातच त्याचे एक उत्तर कोरलेले आहे. येथील एका छोट्या लेखात सोपाऱ्याच्या गोविंददासाने ही पोढी दान दिल्याचे नमूद आहे. नाव, गाव आणि दान, एवढाच मजकूर. सोपारा म्हणजे वसईजवळचे आजचे नालासोपारा. ज्या भगवानलाल इंद्रजींनी नाणेघाटाचे लेख अभ्यासले, त्यांनीच १८८२ साली सोपाऱ्याचा प्राचीन स्तूप उकरून उजेडात आणला. सोपाऱ्याहून नाणेघाट ही बैलांच्या पायी कित्येक मजलांची वाट आहे. गोविंददासाने पाण्याचे दान आपल्या गल्लीत, आपल्या दाराशी किंवा आपल्या नगराच्या वेशीवर केले नाही. जिथे तहान लागते, तिथे केले. त्या पोढीचे पाणी पिणारा माणूस त्याला भेटणार नव्हता आणि त्याचे आभारही मानणार नव्हता.

हे एकट्यादुकट्याचे औदार्य नव्हते. पुढच्या मुक्कामी, जुन्नरच्या लेण्यांत, धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दान दिल्याचा लेख आहे. श्रेणी म्हणजे त्या काळची व्यापारी संघटना. आजच्या शब्दांत धान्य बाजाराच्या असोसिएशनने केलेले ते काम होय. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतही कल्याण आणि सोपारा येथील दात्यांची नावे पुन्हा पुन्हा येतात आणि तिथेही लेण्यांच्या जोडीला पाण्याची टाकी आहेत. बंदरापासून बाजारपेठेपर्यंतची वाट अशी पाण्याने बांधलेली होती. ज्यांचा माल त्या वाटेने जात होता, त्यांनी वाटेची तहानही आपल्याच खर्चात धरली होती.

दुपार

अकरा वाजले, की खिंडीतील सावली सरकू लागते. यानंतर उतरणे म्हणजे तापलेल्या चढणीवर उन्हाला सामोरे जाणे. शहाणा वाटसरू दुपार माथ्यावरच काढतो. लेण्याच्या गारव्यात, दगडी बाकावर बसून दोन-तीन तास विसावा घ्यावा, डबा खावा, थोडे थोडे पाणी प्यावे. दोन हजार वर्षांपूर्वी तांड्यांनीही हेच केले असणार; लेण्यातील ते बाक उगाच नाहीत. दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा खिंडीत कोंडून वेगाने वर येतो. पावसाळ्यात जो पाणी उलटे फेकतो, तोच हा वारा. वैशाखात तो घाम पुसतो.

खिंडीच्या कड्यावरून पश्चिमेला पाहिले, तर खाली मुरबाडचा प्रदेश उन्हाच्या धुरकट पडद्याआड पसरलेला असतो. याच रांगेत दक्षिणेला सिद्धगड आहे, जिथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी स्वातंत्र्यासाठी देह ठेवला. खाली म्हसे गाव आहे, जिथे पौष पौर्णिमेच्या यात्रेत आजही बैलांचा मोठा बाजार भरतो. उत्तरेला, नजरेच्या पलीकडे, शहापूर तालुका. नाणेघाटाची वर्दळ ओसरण्यात शहापूरचाही वाटा आहे. १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली शहापुरातील कसाऱ्यापासून थळघाटातून रेल्वे वर चढली. त्यानंतर बैलाच्या पाठीवरचा माल डब्यात गेला आणि घाटाच्या पायऱ्या गुराख्यांसाठी उरल्या.

शहापूरने मुंबईला नुसती रेल्वेची वाट दिली असे नाही, पाणीही दिले. मुंबईची तहान भागवणाऱ्या सात जलाशयांपैकी तानसा, मोडक सागर आणि भातसा हे या तालुक्याच्या परिसरातील आहेत. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले, मोडक सागर १९५७ साली. आणि भातसा तर सातांत सर्वांत मोठा. मुंबईतील कोणत्याही दुकानात गिऱ्हाइकापुढे ठेवलेला पाण्याचा पेला बहुधा याच डोंगरांतून आलेला असतो. आणि याच तालुक्यातील पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो. विहिरीच्या तळाशी उतरून, पाझर साचेपर्यंत थांबून, तांब्याने किंवा वाटीने हंडा भरणाऱ्या बायका येथे नवलाच्या नाहीत. टँकर आला, की तो विहिरीत रिकामा होतो आणि पाणी गढूळ होण्याआधी प्रत्येक घराला आपली भांडी भरून घ्यायची असतात.

हे कोडे वाटते खरे, पण त्याचे कारण भूगोलात आणि व्यवस्थेत आहे. धरणाचे पाणी दरीच्या तळाशी साठते. पाडे उंचवट्यावर, डोंगराच्या सोंडेवर विखुरलेले असतात. खालचे पाणी उताराने आपसूक शहराकडे जाते. तेच पाणी वर पाड्यावर चढवायचे, तर पंप, वीज, जलवाहिनी आणि रोजची देखभाल लागते. चाळीस-पन्नास घरांसाठी एवढा खर्च परवडत नाही, असे हिशेब सांगतो. शिवाय पायाखालच्या त्याच बेसॉल्टमुळे गावची विहीर फाल्गुनात आटते. नळाच्या तोटीशी असलेल्या घराला हे दिसत नाही. तापलेल्या घाटात उरलेले अर्धा लिटर पाणी पुरवून वापरणाऱ्याला ते लगेच कळते. पाणी गाळून घेण्याची, पेल्यात उष्टे न टाकण्याची, एका बादलीत काम भागवण्याची शिस्त ज्या घरांत आजीपासून चालत आली आहे, त्या घरांना पाण्याचे मोल नव्याने सांगायला नको. प्रश्न एवढाच आहे, की आपण ज्याचे पाणी पितो, त्या वाटेची तहान आपल्या हिशेबात धरली आहे का.

शहरात वैशाख आला, की दुकानापुढे पाणपोई लागते, माठावर ओले फडके टाकले जाते. ती रीत चांगलीच आहे आणि चालू राहावी. पण सोपाऱ्याच्या गोविंददासाने आणि जुन्नरच्या धान्य व्यापाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून ठेवली आहे. त्यांनी पाणी वाटले नाही, पाणी साठवण्याची जागा करून दिली. वाटलेले पाणी संध्याकाळी संपते. खोदलेली पोढी पुढच्या पावसात पुन्हा भरते. एखाद्या पाड्याच्या विहिरीतील गाळ उपसणे, कठडा बांधून देणे, शाळेच्या छपरावरील पावसाचे पाणी साठवणारी टाकी उभारणे, झऱ्याच्या वर दगडी बांध घालणे, ही कामे एका कुटुंबाच्या किंवा एका बाजारपेठेच्या आवाक्यातील आहेत. ती करताना पाड्यावरच्या लोकांना आधी विचारावे, कारण पाणी कुठे मुरते आणि कुठे टिकते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. आणि काम पावसाळ्याआधी पुरे व्हावे, नाहीतर वर्ष वाया जाते.

उतरण

चारच्या पुढे ऊन तिरके होते. पश्चिमाभिमुख चढणीवर ते अजून तोंडावर येते, पण त्यातील धार गेलेली असते. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो आणि वाळलेल्या पानांवरून पाय घसरतो. थकलेल्या पायांना घाई सोसत नाही. उरलेले पाणी इथेच उपयोगी पडते. पुष्कळजण चढताना पाणी राखतात आणि माथ्यावर पोहोचल्याच्या आनंदात संपवून टाकतात. जाणता वाटसरू शेवटचा एक लिटर उतरणीसाठी ठेवतो. सूर्यास्तापूर्वी पायथा गाठला, तर रानात अंधार पडण्याआधी बाहेर पडता येते, आणि ज्यांच्या घरी दिवसाउजेडी जेवण्याचा नियम आहे, त्यांचा नियमही पाळला जातो.

पायथ्याशी सकाळी ज्यांना वेळ सांगितली होती, त्यांना सुखरूप आल्याचे आवर्जून कळवावे. या वेळी हातपंपावर हंडे-कळशांची रांग लागलेली असते. पंपाचा दांडा बऱ्याच वेळा खालीवर केल्यावर पाण्याची बारीक धार येते. कोणी तरी वाटसरूच्या रिकाम्या बाटलीकडे पाहते आणि न विचारता ती भरून देते. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर हा प्रसंग दुर्मीळ नाही. जिथे पाणी सर्वांत कमी आहे, तिथे तहानलेल्याला नाही म्हणण्याची रीत नाही. गोविंददासाचा लेख वर कातळावर आहे. त्याचा धर्म अजून खाली, या पंपावर चालू आहे. कल्याणकडे जाणारी एस.टी. येते, आणि वैशाखातील एक दिवस आपला जमाखर्च मांडून संपतो.